मी बघितल्याशिवाय धुवायचं नाही

दुसऱ्याचे मळके कपडे हातात घेऊन खूश होणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. घामाने ओली, गवताने हिरवी झालेली पोरांची पँट तो खिडकीच्या उजेडात धरायचा, उलटीसुलटी करायचा, सराफ नथ बघतो तशी बघायचा आणि मग मला विचारायचा, "डॉक्टर, या पेशंटला काय झालंय?"

डॉक्टर म्हणजे मी. माझी शाळा चौथीपर्यंत. बार्शीला आमचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं, मग माझं. मुलगा शिकला, अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला, ओहायोत डब्लिनला घर घेतलं आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मला घरात बसणं जमेना. सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की मी आणि ही, दोघं खिडकीतून शेजाऱ्याचं गवत बघत बसायचो. गवत तरी किती बघायचं? साठीत गाडी शिकलो आणि वीस मिनिटांवरच्या एका कॉलेजात खेळाडू पोरांचे कपडे धुण्याचं काम धरलं.

मुलाला ते पटलं नाही. "बाबा, मंडळात लोक विचारतात, काका काय करतात म्हणून."

"सांग त्यांना, बार्शीत करत होते तेच करतात. भट्टीच्या जागी मशीन आहे, एवढाच फरक."

ही पदर तोंडाला लावून हसली होती, ते आठवतं.

कॉलेजच्या व्यायामशाळेच्या तळघरात माझी खोली. चार मोठी मशिनं, एक लांब टेबल, वर जमिनीलगत एक आडवी खिडकी. पहिल्याच आठवड्यात हा कोच खाली आला. पायात मोजे आणि त्यावर बाथरूमच्या स्लिपर. बाहेर बर्फ. गळ्यात बंद पडलेलं स्टॉपवॉच. माझ्याशी ओळख नाही, पाळख नाही. मशिनीत टाकायला मी उचललेला ढीग माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर पसरला. दुसऱ्या दिवशी एक पुठ्ठा आणून मशिनीवर चिकटवला. त्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं. अक्षरं कागदावर उतरवून घरी नेली, तेव्हा नातीने मला त्याचा अर्थ सांगितला: मी बघितल्याशिवाय धुवायचं नाही.

मला राग आला. माझ्या मशिनीवर माझ्यासाठी पाटी? मी ती काढून केराच्या डब्यात टाकली. संध्याकाळी त्याने ती डब्यातून काढली, पुसली, परत लावली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मीच कंटाळलो.

तो इंग्रजीत बोलायचा. इंग्रजीत अहो-जाहो नसतं म्हणतात, पण त्याच्या आवाजात असायचं, म्हणून मी तसं लिहितो.

आता त्याचं काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. बॉल सोललेल्या नारळासारखा लांबट. एक बाजू तो घेऊन पुढे जाते, दुसरी अडवते. अडवणाऱ्यांत सगळ्यात मागे चार-पाच पोरं उभी असतात. समोरचा गडी बॉल झेलायला सुसाट सुटला की त्याच्याकडे तोंड ठेवून यांनी आधी मागच्या मागे पळायचं. मग तो वळेल तिकडे कंबर फिरवून त्याच्या अंगाला अंग लावून पळायचं. तरीही त्याने बॉल झेललाच तर खांदा घालून त्याला आडवा करायचा. या मागच्या फळीला शिकवणारा हा कोच. मुख्य कोच वेगळा. त्याच्या हाताखाली असे सात-आठ.

बाकीचे कोच फुटबॉल खेळलेली पोरं शोधत. हा दर वर्षी शर्यतीच्या मैदानावर जाऊन शंभर आणि दोनशे मीटर पळणारा एखादा पोरगा उचलून आणायचा. म्हणायचा, "याला मी मागच्या फळीचा करतो." माझ्यासमोर त्याचे असे सात पोरगे आले आणि गेले. एकही टिकला नाही. बाकीचे कोच जिन्यात भेटले की विचारायचे, "यंदाचा ससा कुठाय?"

"आहे. गाजर खातोय," हा म्हणायचा.

ससे पळायचे मात्र खरे. पण कसे पळायचे? एक होता, तो समोरच्या गड्याबरोबर असा सुटला, असा सुटला, की गडी मध्येच थांबून, बॉल झेलून, आरामात उलट्या दिशेने गेला, आणि आमचा ससा वीस पावलं पुढे उभा राहून इकडेतिकडे बघतोय, माणूस गेला कुठे. दुसऱ्याची तर कमालच. बॉल हवेत, याने फक्त हात वर करायचा, तर याने ऐनवेळी मान खाली घातली आणि छाती पुढे काढली. शर्यतीच्या शेवटी दोरी तोडतात तशी. दोरी नव्हतीच. बॉल डोक्यावरून गेला. मैदानातली दोन-तीनशे माणसं हसली. कोच हसला नाही. संध्याकाळी खाली येऊन माझ्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, या मुलांना लहानपणापासून एक पट्टा आखून दिलाय. त्या पट्ट्यात दुसरं कोणी येत नाही, अंगाला कोणाचं बोट लागत नाही, मागे बघितलं की हरतो. आणि मी त्यांना सांगतो, पट्टा विसर, दुसऱ्याला अंगावर घे, आणि पळायचं कुठे ते तो ठरवेल. घाबरतात बिचारे. मीही घाबरलो असतो."

"मग कशाला आणता?"

"कारण एखादा नाही घाबरणार."

स्वतः तो रोज सकाळी गाडी लावायच्या जागेपासून ऑफिसपर्यंत उलटा चालत यायचा. हातात कॉफी, तोंड गाडीकडे, पाठ ऑफिसकडे. बर्फ असो, ऊन असो. एकदा एका प्राध्यापिका बाईंना धडकला. मागे वळला नाही. समोर बघतच "सॉरी मॅम" म्हणाला आणि बाईंना वळसा घालून मागे मागे निघून गेला. सशांनाही तेच करायला लावायचा. जेवणाच्या रांगेत सगळी पोरं ताट घेऊन पुढे सरकायची, आणि एक पाठ पुढे करून सरकायचं. ओळखायला सोपं.

त्याचं एक म्हणणं मला पहिल्यापासून पटलं. "डोळे फसवतात, खांदे फसवतात, बेंबी फसवत नाही. बेंबी जिकडे, माणूस तिकडे." मी तरुणपणी कबड्डी खेळलोय. चढाईला आलेल्याच्या तोंडाकडे बघितलंस तर मेलास, असं आमचे वस्ताद सांगायचे. मी हातवारे करून हे कोचला समजावलं. तळघरात, कपड्यांच्या ढिगात, मी साठ-बासष्टचा आणि तो माझ्याच वयाचा, दोघं एकमेकांच्या बेंबीकडे बघत गोल गोल फिरलो. तेवढ्यात झाडूवाली बाई आली आणि तशीच परत गेली.

कपडे वाचायला मी त्याच्याकडून शिकलो म्हणू की तो माझ्याकडून? अर्धं अर्धं. डाग कसला आहे ते मला कळायचं. तो कसा पडला ते त्याला. पँटीचं बूड हिरवं, म्हणजे उलटं पळताना तोल जाऊन बसला. जर्सीची छाती हिरवी, म्हणजे मागे पडला आणि मग पकडायला पालथी उडी मारली. मांडीची बाहेरची बाजू हिरवी असली की कोच खूश. म्हणजे कंबर वेळेवर वळली, गड्याबरोबर कुशीवर पडला. आणि सगळ्यात वरचा डाग खांद्यावरचा. मागच्या फळीची जर्सी पांढरी असायची, समोरच्यांची हेल्मेटं, म्हणजे डोक्यावरची कडक टोपणं, लाल. खांदा घालून गड्याला खरोखर आडवा केला की त्या टोपणाचा लाल रंग पांढऱ्या कापडावर ओरखड्यासारखा उमटायचा. तो मशिनीत जात नाही. आधी औषधात भिजवावा लागतो.

"व्हिडिओ असतो ना तुमचा, टीव्हीवर? सगळे तोच बघतात," मी एकदा म्हणालो.

"व्हिडिओत पोरगा कुठे गेला ते दिसतं. तिथे जाऊन त्याने अंग चोरलं का, ते कपडा सांगतो."

सात सशांच्या जर्सीचे खांदे मी बघितले. दुधासारखे पांढरे. मला धुवायचं कामच नसायचं.

हिने त्याला नाव ठेवलं होतं, उलटा माणूस. मी घरी जाऊन त्याच्या गमती सांगायचो, मग हिने एकदा डब्यात चार धपाटे जास्त घातले. "त्या उलट्या माणसाला द्या. बघू सरळ होतोय का." त्याने गार धपाटे काळ्या कॉफीबरोबर खाल्ले. वर लसणाची चटणी. डोळ्यांतून पाणी, पण थांबेना. रिकामा डबा परत देऊ नये हे आपल्याकडे बायका पाळतात. त्याला कोणी शिकवलं देवाला ठाऊक, पण त्याच्याकडून डबा कधी रिकामा आला नाही. कधी टोमॅटो, कधी भोपळ्याच्या बिया, एकदा खेळताना दातांत धरायचं रबर. ते बघून ही म्हणाली, "मेला, माझे दात पडायला आलेत हे याला कोणी सांगितलं?" आणि एकदा शिट्टी. खरी, पितळी. ती शिट्टी हिने ठेवून घेतली. मी वरच्या खोलीत असलो की जेवायला हाका मारायची नाही, शिट्टी वाजवायची. सूनबाई नागपूरची, हसून हसून बेजार व्हायची. पुढे आजारपणात शिट्टी कुठे गेली ते कळलं नाही. आणि शोधतो कोण?

आठवा ससा मार्कस. दोनशे मीटर पळायचा. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. मला पॉप्स म्हणायचा. कपडे द्यायला बाकीची पोरं लांबून फेकायची, हा हातात द्यायचा. पहिला महिना त्याचंही बूड हिरवं. दुसरा महिना छाती हिरवी. मग एक दिवस कोच आणि मी पँट उजेडात धरली, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला हिरवा पट्टा. अगदी जिथे पाहिजे तिथे. कोचने ती पँट डोक्यावर घेतली आणि तळघरात एक चक्कर मारली. उलटी.

पण त्या वर्षी गोष्ट वेगळी होती. शर्यतीच्या कोचने मार्कसला सांगून टाकलं होतं, वसंतात फुटबॉलच्या सरावाला गेलास तर रिले संघात परत घेणार नाही. मार्कस तरी आला. आणि मुख्य कोचने आमच्या कोचला सांगितलं होतं, हा तुझा शेवटचा ससा. हा पुढच्या मोसमाच्या यादीत बसला तर तू राहा. नाही बसला तर तुझं आणि सशांचं, दोघांचं संपलं. हे मला कोचनेच सांगितलं, धपाटा खाता खाता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

"आणि खांदा?" मी विचारलं.

"खांदा अजून पांढरा आहे," तो म्हणाला.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आपसातला मोठा सामना होता. त्यावरून यादी ठरणार. हिला तेव्हा औषधोपचार चालू होता. कॅन्सरचा. केस गेले होते. कोचला मी काही सांगितलं नव्हतं. कामाच्या जागी घरचं रडगाणं नेऊ नये, असं माझं आहे.

सामना संपला, कपडे खाली आले, आणि सूनबाईचा फोन आला. "बाबा, आईंना खूप ताप आहे. आम्ही हॉस्पिटलला नेतोय. तुम्ही डायरेक्ट तिकडेच या."

मी ढीग बघितला. पुठ्ठा समोर होता. कोच वर मैदानात पोरांशी बोलत होता. पाच मिनिटं थांबलो असतो तरी चाललं असतं. नाही थांबलो. सगळा ढीग एकदम औषधात बुडवला, मशिनीत कोंबला, बटण दाबलं आणि गेलो. का धुतले? तसेच टाकून गेलो असतो तर? मला आजही सांगता येत नाही. चाळीस वर्षं हातांना एकच सवय, मळका ढीग मागे ठेवून दुकान बंद करायचं नाही. हातांनी केलं.

हिचा ताप रविवारी उतरला. सोमवारी मी कामावर आलो तर कोच माझ्या स्टुलावर बसलेला. मांडीवर मार्कसची जर्सी. चकचकीत पांढरी.

"डॉक्टर, तुम्ही बघितलं असेलच," तो म्हणाला. "चला वर."

वरच्या खोलीत मुख्य कोच आणि चौघं जण, समोर मोठा टीव्ही. बाहेर पॅसेजमध्ये मार्कस भिंतीला टेकून पायाच्या चवड्यांवर हलत होता, शर्यतीच्या आधी हलतात तसा. मुख्य कोचने टीव्हीवर शेवटचा खेळ लावला. गडी बॉल झेलतो, कडेने पळतो, मार्कस तिरका त्याच्यावर येतो, आणि नेमका तिथे तिसरा एक पोरगा मध्ये येतो. नंतर दिसतं ते एवढंच, गडी खाली पडलाय आणि मार्कसही खाली पडलाय.

मुख्य कोच म्हणाला, "खांदा घातला, की घाबरून बाजूला झाला आणि गडी आपणहून घसरला? पोराला विचारलं, तो म्हणतो घातला. सगळेच तसं म्हणतात." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "बोला डॉक्टर, तुमचा कपडा काय म्हणतो?"

दोघं-तिघं हसले. पण मुख्य कोच चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच ठरवायचं होतं, आणि ते त्याला ठरवता येत नव्हतं. ते मला दिसलं.

माझ्या तोंडात 'यस' आलं होतं. दोन अक्षरांचं काम. बाहेर ते पोरगं हलत होतं. हा कोच खिडकीकडे तोंड करून उभा होता, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याने खूण केली असती, डोळा मिचकावला असता, तर मी बोलून गेलो असतो. त्याने मुद्दाम पाठ फिरवली होती.

"आय डिड नॉट लुक," मी म्हणालो. एवढं इंग्रजी मला येतं.

हिच्या तापाचं सांगितलं नाही. ती कारणं झाली.

मुख्य कोचने टीव्ही बंद केला.

खाली येताना जिन्यात कोच थांबला. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यायला पाहिजे होती. तो म्हणाला, "तुम्ही हो म्हणाला असतात तर उद्यापासून तुमचं खरं मी कसं मानलं असतं?" मग दोन पायऱ्या उतरला, परत थांबला. "तुम्ही न बघता कधी धूत नाही. घरी कोण आजारी आहे?"

तेव्हा मला रडू आलं. त्या जिन्यात. परक्या मुलखात, परक्या माणसापुढे. तो बाजूला उभा राहिला, गळ्यातल्या बंद घड्याळाचं बटण टकटक दाबत.

यादीत मार्कसचं नाव आलं नाही. दुपारी तो सामान परत द्यायला आला. मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"इट्स ओके, पॉप्स." मग दारातून वळून म्हणाला, "मी मारला होता खांदा. खरंच."

"मारला असशील," मी म्हणालो. "पण मी बघितलं नाही."

त्याला थोडं बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. मला तसलं येत नाही. हिला यायचं.

जूनमध्ये कोचला काढलं. चार तासांवर, इंडियानाच्या पलीकडच्या अंगाला, एक लहानसं कॉलेज होतं. तिथे त्याला घेतलं आणि मार्कस त्याच्या मागे गेला. जायच्या दिवशी कोचने पुठ्ठा काढून नेला नाही. मीही काढला नाही.

सप्टेंबरात ही गेली. त्याविषयी मी लिहीत नाही.

तेराव्यानंतर आठवड्याभराने कोच आला. त्याला कोणी कळवलं मला माहीत नाही. खिडकीतून मी बघितलं, गाडी रस्त्यावर लावली आणि दारापर्यंत सरळ चालत आला. पायात बूट. सरळ चालताना तो मला वेगळाच कोणी वाटला. आत येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. सॉरी वगैरे काही म्हणाला नाही. सूनबाईने चहा दिला, तो प्यायला. मग त्याला खुंटीवरचा स्वेटर दिसला. राखाडी, माझाच जुना. थंडी म्हणून ही साडीवर, गाऊनवर, कशावरही तो घालायची, आणि घालूनच स्वयंपाक करायची. सूनबाई दोनदा धुवायला घ्यायला आली होती, मी दिला नव्हता.

"बघू का?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. तो उठला, स्वेटर खिडकीशी नेला आणि बाही उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"तुमच्या मिसेस डावखुऱ्या होत्या," तो म्हणाला.

"नाही. उजव्याच."

त्याने मला डाव्या बाहीची कड दाखवली. हळदीने पिवळी, थरावर थर, जुनी आणि नवी. उजव्या बाहीला टिपूस नाही.

मी सूनबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा, आई डावखुऱ्याच होत्या. बार्शीला आजी ओरडायच्या म्हणून उजव्या हाताने करायच्या. इथे आल्यापासून सगळं डाव्यानेच करत होत्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी सव्वीस वर्षांचा असताना लग्न करून आणलेली बायको. माझ्या ताटात तिने किती वेळा वाढलं असेल, हिशेब नाही. आणि गावाचे डाग ओळखणारा मी.

कोचने स्वेटर परत खुंटीला लावला, नीट, होता तसा. "अजून पुष्कळ आहे यात," तो म्हणाला. "घाईने बघण्यासारखं नाही. पुढच्या वेळी. तोवर..." आणि त्याने बोटाने हवेत एक चौकोन काढला. पुठ्ठ्याचा.

पुढच्या वर्षी पानं लाल व्हायच्या सुमाराला घरी एक पार्सल आलं. आत पत्र नाही, काही नाही. एक पांढरी जर्सी, एक पँट, दोन्ही न धुतलेली. चार दिवस बंद राहून असा वास मारत होती की सूनबाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "बाबा, हे प्लीज गॅरेजमध्ये न्या." मी नेलं. गॅरेजचं दार वर केलं आणि उजेडात बसलो. एकदा बघितलं. पाणी पिऊन आलो, परत बघितलं. मग फोन लावला.

"डॉक्टर, रिपोर्ट?" तो म्हणाला.

"बूड साफ. छाती साफ. उजवी मांडी हिरवी, बाहेरच्या बाजूने. डाव्या खांद्यावर निळ्या रंगाचा ओरखडा. वीतभर."

"नीट बघितलंत?"

"दोनदा बघितलं."

मग तो म्हणाला, "पाच सामने झाले, मार्कस सगळे खेळला. मला माहीत होतं. पण तुमच्याकडून ऐकायचं होतं." आणि मग, "तो स्वेटर?"

"तसाच आहे."

"मोसम संपला की येतो. मी बघितल्याशिवाय..."

"नाही धूत," मी म्हणालो.

मोसम संपल्यावर त्याच्या छातीत दुखायला लागलं, मग थंडी फार होती, मग पुढचा मोसम आला. मोठ्या माणसांची येणी-जाणी अशीच राहतात. या फेब्रुवारीत मार्कसचा फोन आला. "पॉप्स, कोच गेला." झोपेत गेला म्हणाला. मार्कस आता त्याच कॉलेजात मागच्या फळीला शिकवतो. मी विचारलं, ससे आणतोस का? म्हणाला, "एक आणलाय. सध्या बूड हिरवं आहे."

फोन ठेवला आणि मी स्वेटर खुंटीवरून काढला. आता बघणारा मीच उरलो होतो.

सकाळचं ऊन होतं. खिडकीशी खुर्ची घेतली आणि सुरुवात केली, वरून खाली, त्याने शिकवलं तसं. डाव्या बाहीची हळद बघून झाली होती, तरी परत बघितली. पोटावर एक आडवी रेघ, पाण्याची. मोरीच्या ओट्याला टेकून भांडी घासायची, मशीन असताना. उजवं कोपर झिजून जाळी झालेलं, डावं शाबूत. हे मला कळेना. मग उठून ओट्याशी जाऊन उभा राहिलो. उजवं कोपर खिडकीच्या फळीवर टेकलं की कोपऱ्यावरून वळणारी गाडी दिसते. मी रोज साडेपाचला वळायचो. डावा खिसा ओढल्यासारखा खाली आलेला. आत हात घातला. शिट्टी.

शेवटी खांदे. डावा साफ. उजव्यावर पुढच्या बाजूला तळहाताएवढा एक काळपट, तेलकट डाग. तेल खोबऱ्याचं, ते वासाने कळलं. पण तिचं नव्हे. तिचे केस तेव्हा राहिलेच नव्हते. मी डाग बोटाने चाचपला आणि मग आठवलं. हॉस्पिटलात औषध चढवायला नेलं की नंबर यायला दोन-दोन तास लागायचे. बाकावर ही डावीकडे, मी उजवीकडे. मला बसल्या बसल्या झोप लागायची. जाग यायची तेव्हा माझं तेल लावलेलं डोकं तिच्या खांद्यावर असायचं. आजारी ती, आणि झोपायचो मी. आणि ही ताठ बसलेली असायची, माझी झोप मोडू नये म्हणून.

सूनबाई दारात येऊन उभी होती. "बाबा, झालं बघून? आता धुवायचा का?"

तेलाचा डाग निघतो. कोमट पाण्यात रिठा घातला की लोकरीवरचाही निघतो, कपड्याला काही होत नाही. चाळीस वर्षं मी तेच केलंय.

"निघेल तो," मी तिला म्हणालो. "म्हणूनच राहू दे."